ट्रायल रूममधली बाई

अमरावतीच्या नव्या मॉलात शिरल्यापासून सुभद्राचा जीव नुसता दडपून गेला होता. सरकता जिना तिने प्रणालीच्या, म्हणजे आपल्या लेकीच्या, दंडाला लटकून कसाबसा पार केला. आणि आता त्याच लेकीने पंजाबी ड्रेस हातात कोंबून तिला ट्रायल रूममध्ये ढकललं होतं. जन्म सगळा साडीत गेलेली बाई! तिने लाजत लाजत ड्रेस अंगात चढवला आणि मान वर केली.

समोर आरसा, मागेही आरसा. समोरच्या आरशात तिच्या खांद्याआडून एक बाई पाठमोरी उभी दिसत होती. मानेवर ढिला बुचडा, डावा खांदा जरासा उतरलेला.

"माय!" सुभद्राच्या तोंडून निघून गेलं.

माय गेली तेव्हा ती एवढीशी होती. मायचा फोटो कोणी काढलाच नव्हता आणि चेहरा तर कधीचाच पुसून गेला होता. उरली होती फक्त कापूस वेचत पुढे पुढे जाणारी पाठ. मागून कितीही "थांब ना वं माय" म्हटलं, तरी ती कधी थांबली नव्हती.

आज ती हातभर अंतरावर थांबली होती.

बाहेरून प्रणालीने दार वाजवलं. "आई, झालं का वं? कसा दिसते ड्रेस?"

"थांब वं जराशी," सुभद्रा आरशावरची नजर न काढता म्हणाली, "माह्या मायले लय साजरा दिसून राह्यला."