तिवा

अठ्ठावन्न साली अकोल्याजवळच्या धावपट्टीवर चंद्रभान चौकीदार होता. एका दुपारी वावटळीनं वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फाडून नेली आणि नेमकं विमान आलं. वारा कुठून आहे ते वैमानिकाला कळेना. विमान वरच घिरट्या घालू लागलं. चंद्रभान हात हलवत धावत सुटला. “हात हालवून वारा दिसते काय?” म्हणत त्याच्या बायकोनं, कौशल्यानं, झोपडीमागचा तिवा ओढत आणला. त्या खळ्यावरच्या तिपाईवर चढून तिनं टोपलीभर कुटार वाऱ्यावर उपणलं. पिवळा भुसा पूर्वेकडे लांबवर गेला. विमान वळलं, वाऱ्याला सामोरं येऊन नीट उतरलं. वैमानिकानं विचारलं, “धावपट्टीवर ही तिपाई कशाला ठेवता, बाई?” कौशल्या पदर झटकत म्हणाली, “इथं आमचं खयं होतं, साहेब. लढाईच्या वख्ती सरकारनं वावर घेतलं. तिवा पयलेपासून इथंच हाये. पट्टी मांगून आली.”