पट्ट्याचा होकार

लग्नाच्या बैठकीत कर्णबधिर केतकीने हातांच्या खुणांनी स्वच्छ सांगितलं, "मला हा मुलगा नको."

तिच्या खुणा बोलून दाखवणारा मनगटावरचा बोलका पट्टा सगळ्यांना गोड आवाजात काय म्हणाला, ते त्याच्या पडद्यावर उमटलं: "बाबा म्हणतील तसं."

केतकीला शिसारी आली. पट्टा आल्यापासून घरात तिची भाषा कुणी शिकलंच नव्हतं. वर बाबांनी त्यात परस्पर 'सौम्य बोलणं' लावून ठेवलं होतं.

"माझ्या तोंडी हे कुणी घातलं?" तिने विचारलं.

"पोहे घ्या ना," पट्टा म्हणाला.

तिने तो ओरबाडून पोह्यांत फेकला आणि पुन्हा हात उचलले. बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पट्टा रुमालाने पुसत त्यांनी त्यालाच विचारलं, "काय म्हणतेय रे ती?"

त्यांचे ओठ वाचून केतकीने चपला पायांत सरकवल्या.