बॉनेटवरचा नारळ

दस्तगीर मिस्त्रींनी लाल गाडीचं बॉनेट बाहीने पुसलं. गेल्या शर्यतीत ही जुनी रेसिंग कार कोलांट्या खात उसाच्या फडात घुसली होती. उभ्या उसाचा रस झाला, असं मिस्त्री सांगत. आता पत्रा आरशासारखा झाला होता, पण मालकीण ताराऊताई दाराला हात लावेनात.

"इतकी देखणी केलीसा. पुन्हा आपटली तर? शर्यत नकोच मला."

"बरं, नारळ तरी फोडू."

हातोडीने माशी टिपली तरी पत्र्याला कळू न देणारा मिस्त्रींचा हात नेमका घसरला. नारळ बॉनेटवर आदळून भलाथोरला पोचा पडला.

ताराऊताई हबकल्या, मग पोट धरून हसल्या. "पहिल्या पोच्याचा मान तुम्हीच घेतलासा! आता मी कशाला भिऊ?" म्हणत त्या स्टिअरिंगमागे बसल्या.

पोचा बुजवल्यावर लावायचा लाल रंग मिस्त्रींनी नारळ आणण्याआधीच कालवून ठेवला होता.