उतारावरची वाटणी

सासूबाई चढ चढून वर येताना दिसल्या, तशी सुनेने हातातला भुईमुगाचा वेल खाली ठेवला. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या या उतारावर फिरकल्या नव्हत्या. खाली ओढ्यापाशी थोरला दीर उभा होता. आईला पुढे करून तो तिथंच थांबला होता, म्हणजे काहीतरी मागणं होतं.

जरा अंतरावर तिचा नवरा पाठमोरा बसून शेंगा तोडत होता. पोरं लग्नाला आली तरी घरात सगळे त्याला धाकटाच म्हणत.

सासूबाई बांधाच्या दगडी तालीवर टेकल्या. दम खाऊन झाल्यावर त्यांनी एक शेंग उचलून फोडली.

"दाणा चांगला भरलाय."

"पावसानं ओढ दिली, तरी भरला. माती ओल धरून ठेवते आता."

आता. वाटणीत हा उतार पदरात पडला तेव्हा इथं कुदळ मारली की ठिणगी उडायची. नवरा-बायकोनं तेच दगड वेचून त्यांच्या ताली रचल्या, वाहून जाणारं पाणी अडवलं, तळ्यातला गाळ पाट्या भरभरून डोक्यावरून वर आणला, पाला कुजवून घातला. एकेक पट्टी अशी हातानं घडवता घडवता तिचे केस पिकले होते.

"थोरल्याच्या खालच्या शेतात यंदा बी उगवलंच नाही," सासूबाई म्हणाल्या. "सगळं पांढरं पडलंय. मीठच वर आलंय जमिनीतून."

"पाणी इतकं सोडू नका म्हणून यांनी सांगितलं होतं भाऊजींना."

"सांगितलं असेल. आता ते उगाळून काय मिळणार?" टरफल बोटांत चुरगाळत त्यांनी मान वर केली. "तळच्या दोन पट्ट्या त्याला द्या."

तळच्या पट्ट्या म्हणजे शेताचा जीव होता. वरून पावसानं उतरणारी माती तिथं येऊन थांबे. बाकी सगळीकडे पीक हिरमुसलं तरी तिथं तरारून असे.

"वरचा तुकडा पडून आहे, आई. तो घ्या म्हणावं."

"वर आहे काय?"

"आम्हाला मिळालं तेव्हा इथं जे होतं, तेच."

सासूबाई रागावतील असं तिला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. उलट त्यांचा आवाज खाली आला.

"तुझं चुकत नाही गं. पण तो दगडाशी झुंजणारा नाही. वाटणी केली तेव्हाही मला ते कळत होतं. हा खडक त्याच्या गळ्यात घातला असता, तर वर्ष सरायच्या आत घर सोडून गेला असता. धाकटा कुठं जाणार नव्हता. धाकट्यानं आजवर कधी कशाला नाही म्हटलंय?"

शेंगा तोडण्याचा आवाज थांबला.

तो काय म्हणेल ते सुनेला पाठ होतं. थोरल्यानं अंगणाकडची खोली मागितली, यानं दिली. ऐन पेरणीत बैल मागितले, तेही दिले. तिनं कधी विचारलंच, तर म्हणायचा, जाऊ दे, आपलाच आहे.

तो उठला. हात झटकत जवळ आला.

"म्हणजे तुला आधीच ठाऊक होतं?"

"कोण किती सोसेल हे आईला ठाऊक नसेल, तर कुणाला असेल?"

त्यानं तळच्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग ओढ्याकडे, भावाकडे. सून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"तळच्या पट्ट्या नाही देणार. वरचा तुकडा त्यानं खुशाल घ्यावा. दगड वेचायला मी येईन त्याच्यासोबत."

एवढं बोलून तो परत जाऊन बसला. पुढ्यात वेल ओढला खरा, पण त्याच्या बोटांना शेंगा सापडेनात.

सासूबाई काठी टेकत उतरायला लागल्या. पहिल्याच तालीपाशी त्यांचा पाय लटपटला. सुनेनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. मग ती पुढं झाली आणि तिनं त्यांचा दंड धरला.

सबंध उतार दोघी एकेक पाऊल टाकत उतरल्या. ओढ्यापाशी थोरला त्यांच्या चेहऱ्यांवरूनच समजला असावा. "मग?" त्यानं तरीही विचारलं.

"वरचा तुकडा," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं कपाळावर हात धरून वर पाहिलं. "तिथं काय येतं, वहिनी?"

ती वयानं लहान असूनही, मनात मान असो-नसो, तो तिला वहिनी म्हणायचा. टोमणा तिच्या ओठांवर आला होता, तो तिनं गिळला.

"पहिली काही वर्षं काहीच नाही येत, भाऊजी."

त्यानं मान डोलावली. मान खाली घालून तो घराच्या वाटेला लागला, आईसाठी थांबलासुद्धा नाही.

सासूबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. सुनेचा हात अजून त्यांच्या दंडावर होता. तो त्यांनी आपल्या हातात घेतला, तळव्यावरच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"वाटणीच्या दिवशी धाकटा असंच नाही म्हणाला असता," त्या म्हणाल्या, "तर खालची जमीन मी त्याला दिली असती."