गुलाबी समुद्र

पांडेसऱ्याच्या मिलमध्ये शेठने त्र्याण्णवचं परदेशी कॅलेंडर आणलं. त्यात कुणा चित्रकाराने उन्हात गुलाबी झालेला समुद्र रंगवला होता. तोच साडीवर छापायचा. काम झाल्यावर ते पान छपाई कामगार वाल्मिकने आजारी बायकोच्या उशाशी लावलं. "समिंदरनं पानी असं ऱ्हास का?" उषाबाईने विचारलं. "रविवारले डुमसना समिंदर देखाले जाऊत," तो म्हणाला. पण मिल रविवारीही चालायची. बिघडलेला माल कामगारांना मिळे, म्हणून त्याने एका साडीवर छपाईची फ्रेम मुद्दाम सरकवली. साडी हाती येईतो उषाबाई गेली. बायका तिला नेसवू लागल्या. त्याने साडी पुढे केली. "सवाष्ण हिरव्यातच जाते, भाऊ," शेजारीण म्हणाली. त्याने ती तिरडीवर अंथरली, तिच्यावर हिरव्या लुगड्यातल्या उषाबाईला निजवलं. बांबूंमधून गुलाबी लाट लोंबत राहिली. उधन्याच्या चौकात डुमसचा रस्ता डावीकडे गेला. तिरडी उजवीकडे वळली.