सात मिनिटं

शिट्टी वाजली तेव्हा मुख्याध्यापक वळवी गुरुजी शेगडीवर पाय शेकत होते. आग लागली तर कडाक्याच्या थंडीतही शाळा झटपट रिकामी कशी करायची, याची आठ पानी योजना त्यांनीच लिहिली होती. आज तिची तालीम बघायला विस्तार अधिकारी मॅडम मैदानात घड्याळ धरून उभ्या होत्या.

गुरुजींनी शाल गुंडाळली, कानटोपी चढवली, चपला शोधल्या. मग एकेक वर्ग पाहिला. कुठेही चिटपाखरू नव्हतं. धापा टाकत ते मैदानात पोहोचले, तर अख्खी शाळा उन्हात पाढे म्हणत बसलेली.

मॅडमनी घड्याळ थांबवलं. "सात मिनिटं लागली, गुरुजी."

"आम्हाला नाही लागली, मॅडम," चौथीतली मोगी म्हणाली. "आमचे वर्ग दिवाळीपासून इथेच भरतात. बाहेर काढायचे राहिले होते ते फक्त गुरुजी."