भिंतीवरून वळवलेला आवाज

“सर, आपल्याच भिंतीवरून कुणीतरी बोलणं बाहेर काढतंय,” तपासनीस म्हणाला.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बैठकीच्या खोलीच्या भिंतीवरचा तो फलक त्यांच्याच डोक्यातून निघालेला. शेकडो चिमुकले चौकोन, बिनतारी लहरी हव्या त्या दिशेला वळवणारे. आता टेबलावरच्या माइकमधलं बोलणं गोंगाटाखाली दडवून त्याच फलकावरून कुणाला तरी पोचवलं जात होतं. कुणाला, ते शोधायला तपासनीसाला दोन दिवस हवे होते.

फलक चालवण्याचा पासवर्ड दोघांनाच माहीत होता. त्यांना आणि ताईंना. ताई बारा वर्षं त्यांच्या हाताखाली होत्या.

त्यांनी बैठकीत सगळ्यांदेखतच विचारलं, “ताई, हे तुमचं काम?”

“हो, सर.” ताई पुटपुटल्या, पण प्रमुखांना स्वच्छ ऐकू आलं.

“कुणासाठी?”

“तेवढं विचारू नका. कुणाचं नुकसान झालेलं नाही.”

“नुकसान? अहो, माझ्या तोंडाला काळं फासलंत तुम्ही!”

ताईंच्या ओठांवर काहीतरी आलं. ते त्यांनी गिळलं. “आधी विचारायला हवं होतं. पण तुम्ही नाहीच म्हणाला असतात.”

तिथेच बसून त्यांनी राजीनामा लिहिला. त्या गेल्यावर प्रमुखांनी स्वतःच्या हाताने फलक बंद केला.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती काहीतरी बोलली.

“काय?”

“चारचौघांत कशाला विचारलंत, म्हटलं!” ती जवळजवळ ओरडली. “बिचारीला एकटीला बोलवायचं होतं.”

ते खजील झाले. सवयीने त्यांनी केस कानांवर ओढले. केसांआडचं ऐकण्याचं यंत्र बायकोखेरीज कुणाला ठाऊक नाही, अशी त्यांची खात्री होती, आणि कळलं असतं तर लाजेने त्यांनी ऑफिसच सोडलं असतं. नशीब, बैठकीत तरी आजवर एक शब्द सुटला नव्हता.

पुढचे दोन दिवस ताईंच्या रिकाम्या खुर्चीकडे त्यांना बघवेना. माफी मागायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

तिसऱ्या दिवशी बैठकीत तपासनीसाने पडद्यावर खोलीचा नकाशा लावला. फलकापासून निघालेली लाल रेघ टेबलावरून सरळ येऊन प्रमुखांच्या खुर्चीवर संपत होती. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. तपासनीसाचे ओठ हलले, मग शेजारच्याचे, मग सगळ्यांचेच. आणि त्यांच्यापर्यंत एक अक्षरही पोचत नव्हतं.